साखरेच्या दारूचा वास कार्बनने का जात नाही?

मानुकाऊकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा कराडचा, आता ऑकलंडला असतो. इथे न्यूझीलंडात १९९६पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला कायद्याने परवानगी आहे, विकायची मात्र नाही. भट्टी, यीस्ट, कार्बन (वास शोषून घ्यायला खास तयार केलेला कोळसा) सगळं होमब्रूच्या, म्हणजे घरी दारू करायच्या सामानाच्या दुकानात उघड मिळतं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे धागा भलतीकडे जायला नको.

माझी पद्धत सांगतो. २५ लिटरच्या ड्रममध्ये ७ किलो पांढरी साखर आणि टर्बो यीस्टचं पाकीट. उन्हाळ्यात गॅरेज चांगलंच तापतं, त्यामुळे वॉश, म्हणजे हे आंबणारं मिश्रण, तीन-चार दिवसांत शांत होतो. मग विजेच्या स्टीलच्या बॉयलरमध्ये गाळतो. वर साधी वाकडी नळी आणि पाण्याचा कंडेन्सर, बाकी काही नाही. दोनदा गाळतो. दुसऱ्या वेळी पहिलं १०० मिली फेकून देतो आणि तिथून धार २० टक्क्यांवर उतरेपर्यंत सगळं एकाच भांड्यात धरतो. एकूण माल ६५ टक्क्यांच्या आसपास भरतो. तो तसाच दुकानातून आणलेल्या कार्बनच्या छोट्या काडतुसातून ओततो. पाच-दहा मिनिटांत लिटरभर खाली येतं.

वास मात्र जात नाही. नाकाशी नेलं की आधी नेलपॉलिश, मग मागून भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी. पाणी घालून ४० टक्क्यांवर आणलं की किंचित धुरकट दिसतं ते वेगळंच. दुकानदार म्हणतो, अजून एक काडतूस लावा. एक मित्र म्हणतो, बार्बेक्यूचा कोळसा कुटून घाल, कोळसा तो कोळसा. दुसरा म्हणतो, माशांच्या टाकीचा कार्बन स्वस्त पडतो.

मला विचारायचंय ते हे. कार्बन वाढवू का? कोणता घेऊ? इथे भारतीय दुकानात कोल्हापुरी गूळ मिळतो, त्याचाही एक वॉश लावलाय, त्यालाही कार्बन द्यायचा का? आणि शेवटचा प्रश्न माझ्या आईचा. तिने व्हिडिओ कॉलवर भट्टी पाहिली आणि पहिलं वाक्य टाकलं, "मालवणीत माणसं मेली ती असल्याच दारूने ना रे?" मी म्हणालो, आई, मी कोळशातून गाळतो, विष राहत नाही. हे मी तिला बरोबर सांगितलं का?

---

अबकारी_निवृत्त

भारतातल्या वाचकांसाठी दोन ओळी. न्यूझीलंडची मुभा इथे लागू नाही. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आहे, घरी एक बाटली गाळली तरी तो गुन्हा आहे. "स्वतःपुरती होती" हा बचाव चालत नाही.

मातोश्रींच्या प्रश्नाबद्दल. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसं गेली. ते मिथेनॉल होतं, कारखान्यात लागणारं. हातभट्टीचं रसायन आम्ही आयुष्यभर ओतून नष्ट केलं. काळा गूळ, नवसागर, कुजकी फळं, सगळं पाहिलं. त्या मालाने माणूस हळूहळू खंगतो. एका रात्रीत वस्तीच्या वस्ती आडवी होते तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी औद्योगिक मिथेनॉल मिसळलेलं असतं. कोळशाबद्दल जाणकार सांगतील.

---

निवळी

मानुकाऊकर, तुमच्या आईंच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाकीचे प्रश्न चवीचे आहेत, हा एकच जिवाचा आहे.

कार्बनने मिथेनॉल निघत नाही. आईंना दिलेलं उत्तर कृपा करून आजच दुरुस्त करा. तुमच्या बाटलीत धोका आहे म्हणून हे म्हणत नाही. पण "कोळशातून गाळलं की विष जातं" हा समज एका घरातून दुसऱ्या घरात जातो, आणि कधीतरी कोणीतरी भलतंच स्पिरिट आणून त्यावर तो वापरून बघतो. कार्बनला मोठे, पाण्यात रमत नाहीत असे रेणू आवडतात. मिथेनॉल हा अल्कोहोलांतला सगळ्यात लहान रेणू, पाण्याशी सगळ्यात जास्त सलगी असलेला. त्याच्या आजूबाजूला इथेनॉल प्रचंड प्रमाणात असतं आणि कार्बनवरच्या जागांसाठी तेही भांडत असतं. अशा गर्दीत मिथेनॉलला जागा मिळत नाही, ते सरळ खाली उतरतं. मिथेनॉल घातलेलं औद्योगिक स्पिरिट कार्बनने, पुन्हा गाळून किंवा दुसऱ्या कुठल्याही घरगुती उपायाने पिण्यालायक होत नाही.

तुमच्या साखरेच्या वॉशमध्ये मुळात मिथेनॉल जवळजवळ तयारच होत नाही. ते येतं फळांतल्या पेक्टिनपासून. साखरेत पेक्टिन नाही. उद्या तिकडच्या फेइजोआ या फळाची किंवा सफरचंदाची ब्रँडी करायला घेतलीत तर थोडं येईल, तसं ते बाजारातल्या फळांच्या ब्रँडीतही असतं. एवढंच करा, की फळांच्या वॉशमध्ये रस जास्त सुटावा म्हणून पेक्टिन फोडणारं एन्झाइम घालू नका. आणि पहिलं १०० मिली फेकलं म्हणजे मिथेनॉल फेकलं, असंही धरून चालू नका. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८.४ला, हे आकडे शुद्ध द्रवांचे आहेत. पाण्याबरोबरच्या मिश्रणात ते सबंध धारेत थोडंथोडं येत राहतं. पहिलं फेकायचं ते दुसऱ्या कारणासाठी, त्यावर येतेच.

मी केमिस्ट आहे. नारळाच्या करवंटीपासून ॲक्टिव्हेटेड कार्बन करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, आता हॅमिल्टनला असते. कार्बन हा माझ्या जिव्हाळ्याचा पदार्थ आहे. त्याला नको ती कामं सांगून मग "कार्बन चालत नाही" असं कोणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या बाटलीत दोन वेगवेगळे वास आहेत. नेलपॉलिश म्हणजे मुख्यतः इथाइल ॲसिटेट. ते इथेनॉलच्या जरासं आधी सुटतं आणि धारेच्या सुरुवातीला दाटून येतं. पुठ्ठा हा शेवटच्या धारेचा वास. तिथे जड अल्कोहोलं असतात, स्निग्ध आम्लं असतात, त्यांची एस्टर असतात. आयसोअमाइल अल्कोहोलचा उत्कलनबिंदू १३१ अंश. धार २० टक्क्यांपर्यंत खेचली की हे सगळं तुमच्या भांड्यात येणारच. पाणी घातल्यावर दिसणारा धुरकटपणाही त्याचाच. ६५ टक्के अल्कोहोलमध्ये ही तेलकट मंडळी विरघळून बसलेली असतात, ४०वर आणलं की त्यांना धरून ठेवणारं अल्कोहोल कमी पडतं आणि ती बाहेर येतात. कुठलंही उपकरण न लावता मिळालेली ही चाचणी आहे. धुरकट झालं म्हणजे शेपूट, अर्थात शेवटची धार, जास्त धरलं.

म्हणून पहिलं काम कार्बनचं नाहीच. दुसऱ्या गाळणीला एक मोठं भांडं लावू नका, काचेच्या लहान बरण्या ओळीने मांडा. प्रत्येकीत २००-२५० मिली. बरण्यांवर कापड टाकून रात्रभर ठेवा. सकाळी चहाच्या आधी, नाक ताजं असताना, प्रत्येकीतला चमचाभर तेवढ्याच पाण्यात घालून वास घ्या. मधल्या बरण्यांपासून सुरुवात करा आणि दोन्ही टोकांकडे जा. कुठल्या बरणीपाशी नेलपॉलिश सुरू होतं आणि कुठे पुठ्ठा, हे तुम्हाला कोणी शिकवावं लागणार नाही. फक्त मधलं ठेवा. कडेच्या बरण्या पुढच्या वेळच्या वॉशमध्ये ओता, वाया काही जात नाही. मात्र बॉयलरमध्ये दुसऱ्यांदा भरताना मिश्रण पाणी घालून ४० टक्क्यांच्या खाली आणा. त्याहून कडक माल तापवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

त्याच्याही आधीचं काम वॉशचं. १ टक्का अल्कोहोलला लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर लागते. २५ लिटरमध्ये ७ किलो म्हणजे १६ टक्क्यांच्या वरच. एवढ्या साखरेत, तापलेल्या गॅरेजमध्ये, तीन दिवसांत काम उरकणारं यीस्ट हाल सोसत काम करतं आणि त्या हालांचा वास तुमच्या बाटलीत येतो. साखर ५ किलोवर आणा, ड्रम सावलीत ठेवा, त्याला २०-२५ अंशांत आठ-दहा दिवस द्या. बॉयलर स्टीलचा आहे म्हणालात, तर वाफेच्या वाटेत थोडं स्वच्छ तांबं ठेवा. गंधकाचा वास कार्बनपेक्षा तांबं चांगला धरतं.

आता कार्बन.

ही चाळणी नव्हे, की घाण वर राहिली आणि स्वच्छ खाली आलं. गाळणीतून गेलं म्हणून काम झालं असं इथे होत नाही. वासाचा रेणू कणाच्या आत, छिद्रातून छिद्रात सरकत जातो आणि आतल्या भिंतीला चिकटतो. एका ग्रॅम चांगल्या कार्बनमध्ये आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ १००० चौरस मीटरच्या आसपास भरतं, पण तिथवर पोचायला वेळ लागतो. पाच-दहा मिनिटांत लिटर उतरतंय म्हणजे बहुतेक माल कणांच्या बाजूबाजूने निघून गेला.

दुसरं म्हणजे ६५ टक्के फार कडक. जे तेलकट रेणू आपल्याला काढायचेत त्यांना कडक अल्कोहोलमध्ये आरामात विरघळून राहता येतं, ते कार्बनकडे कशाला जातील? ४० टक्क्यांवर आणलं की त्यांना द्रवात राहणं नकोसं होतं आणि ते भिंत पकडतात. रशियात व्होडकाच्या कारखान्यात बर्चच्या लाकडाच्या कार्बनचे उंच स्तंभ असतात. तिथेही स्पिरिटमध्ये आधी पाणी मिसळून ते ४० टक्क्यांच्या आसपास आणतात आणि मगच स्तंभातून सोडतात. कोळशाने द्रव निवळतो हे १७८५च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोव्हिट्झ नावाच्या रसायनतज्ज्ञाने दाखवलं आणि धान्याची दारू साफ करायला तो वापरला. इतक्या जुन्या कलेत आधी पाणी घालायचं हे ठरलेलं आहे.

किती कार्बन लागेल याचं उत्तर पाकिटावर शोधू नका, तुमच्या मालावर काढा. प्रयोगशाळेत आम्ही हेच करायचो आणि घरी करायला काहीच अवघड नाही. ४० टक्क्यांवर आणलेला माल पाच बाटल्यांत २००-२०० मिली घ्या. एकीत काही घालू नका. बाकीच्यांत १, २, ५ आणि १० ग्रॅम धुऊन वाळवलेला कार्बन. दिवसभरात अधूनमधून हलवत राहा, दुसऱ्या दिवशी कॉफीच्या कागदातून गाळा. मग घरातल्या कोणाला तरी पेल्यांची अदलाबदल करायला सांगा आणि कुठला कोणता हे न बघता वास घ्या. एका ठिकाणी फरक पडायचा थांबतो. २ आणि ५मध्ये फरक जाणवला, ५ आणि १०मध्ये नाही, तर तुमचा आकडा ५. आणि १० ग्रॅमवालाही वास मारत असेल तर कार्बन कमी पडला असा अर्थ काढू नका. बरण्यांकडे परत जा.

आकडा मिळाला की स्तंभ. ४ सेंटिमीटर व्यासाची, १२० सेंटिमीटर उंचीची स्टीलची नळी घेतलीत तर दीड लिटर कार्बन बसतो, वजनाने ७०० ग्रॅमच्या आसपास. पीव्हीसीची नळी घेऊ नका, अल्कोहोल प्लॅस्टिकमधून नको ते ओढून आणतं. कार्बन आधी धुवायचा, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत. मग उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवायचा. छिद्रांतली हवा निघाली नाही तर माल हवेला वळसा घालून एकाच वाटेने उतरतो आणि अर्धा कार्बन कोराच राहतो. ओलाच कार्बन पाण्याबरोबर नळीत भरा, वरून नळी हलकी ठोकत राहा. कार्बनच्या वर कायम दोन बोटं द्रव हवा, तो उघडा पडू देऊ नका. खालची तोटी एवढीच सोडा, की तासाला लिटरपेक्षा जास्त येणार नाही. सुरुवातीला नुसतं पाणी येईल, मग पाणचट, मग माल. शेवटी वरून पाणी ओतून उरलेला माल ढकलून काढता येतो. हे चालू असताना त्या खोलीत गॅसची शेगडी किंवा हीटर पेटलेला नको. ४० टक्क्यांच्या मालाची वाफही २६ अंशांच्या आसपास पेट घेते, आणि तुमचं गॅरेज उन्हाळ्यात त्याहून गरम होत असणार.

माल कार्बनवर आठवडेच्या आठवडे ठेवून देऊ नका. कार्बनच्या पृष्ठभागावर हवेतल्या ऑक्सिजनने थोडं अल्कोहोल ॲसिटाल्डिहाइडमध्ये बदलतं, आणि हा लहान रेणू कार्बन नीट धरत नाही. हिरव्या सफरचंदासारखा वास यायला लागला तर कारण हे.

कोणता कार्बन घ्यायचा? करवंटीचा, खाद्य दर्जाचा, आम्लाने धुतलेला, १२ बाय ४० मेशचा, म्हणजे त्या मापाच्या चाळण्यांनी निवडलेल्या बारीक दाण्यांचा. पाकिटावर आयोडीन नंबर १०००च्या आसपास असावा. हा आकडा मी हाताने असंख्य वेळा काढला आहे. तोललेला कार्बन, आयोडीनचं द्रावण, गाळून उरलेल्यावर थायोसल्फेटचं टायट्रेशन, स्टार्चचा निळा रंग एका थेंबात जातो तो क्षण. १ ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन गिळतो ते त्यातून कळतं, आणि पर्यायाने बारीक छिद्रं किती आहेत ते. करवंटीत बारीक छिद्रं भरपूर असतात आणि कण कडक असल्यामुळे भुकटी कमी पडते.

बार्बेक्यूचा कोळसा अजिबात नको. त्याला ८००-९०० अंशांवर वाफ देऊन छिद्रं उघडलेली नसतात, उलट डांबराचे अंश असतात, आणि विटांसारख्या कोळशात बांधायला आणखी काही घातलेलं असतं. तो दारूत घालणं म्हणजे एक वास काढायला दहा वास घालणं. माशांच्या टाकीचा कार्बन माशांपुरता ठीक. त्यात राख किती आणि त्या राखेतलं काय काय अल्कोहोलमध्ये उतरेल याची हमी कोणी देत नाही.

गुळाला कार्बन देऊ नका. गुळाच्या दारूत जे आहे ते वासातच आहे. कार्बन नको तो वास आणि हवा तो वास यांत भेद करत नाही. पांढरी रम करताना मुरवलेल्या रमचा रंग कार्बनने उतरवतात हे खरं, पण तिथे त्यांना तेच हवं असतं. कोल्हापुरी गूळ समुद्रापार मिळवून त्याची व्होडका कशाला करायची? बरण्या लावा, मधलं धरा, आणि ओकच्या चिपांवर ठेवा.

---

दोडामार्गकर

निवळीताईंनी गुळाबद्दल लिहिलं ते वाचून राहवलं नाही. आमचं आजोळ सत्तरीत, गोव्याच्या हद्दीत. मामांकडे काजूचा परवाना आहे, दर मोसमात भाटी लागते. मार्च ते मे घरात दुसरा विषय नसतो.

बोंडू तुडवून निघालेला रस आंबवायचा, भाणात, म्हणजे भट्टीच्या मडक्यात, घालून गाळायचा. पहिल्या गाळणीची हुर्राक. ती टिकत नाही, पावसाच्या आत संपवायची. हुर्राक आणि रस एकत्र करून पुन्हा गाळली की फेणी. कार्बन तर सोडाच, साधं कापडही कोणी दोनदा लावत नाही. फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काजूच्या बोंडाच्या वासाचं. तो काढला तर उरलं काय?

पण बरण्यांचं म्हणाल तर मामा तेच करतात, फक्त बरण्या नसतात. धार कधी बाजूला घ्यायची आणि कधी थांबायचं ते नाकाने आणि तळहाताने ठरतं. तळहातावर दोन थेंब घेऊन चोळायचे, अल्कोहोल उडू द्यायचं, मग जे मागे राहतं त्याचा वास घ्यायचा. मागे राहिलेलं ओलं, आंबूस लागलं की धार तोडायची. मानुकाऊकरदादा, हे करून बघा. रात्रभर थांबायला वेळ नसेल तर हात जागेवरच सांगतो.

आणि आंच. मामी लाकडं ओढून घेते आणि सारते, दिवसभर तेच. धार दोऱ्यासारखी बारीक हवी. विजेच्या बॉयलरला तुम्ही पूर्ण पॉवर देत असणार. मोठ्या आंचेवर सगळं एकमेकांत मिसळून येतं, मग कुठली बरणी कुठे तोडायची ते देवालाही कळणार नाही.

---

मानुकाऊकर

सर्वांचे मनापासून आभार. आईला फोन केला. तिला सांगितलं की कोळशाने विष जात नाही आणि साखरेत ते तयारही होत नाही. ती म्हणाली, मग दुसऱ्याने दिलेली पिऊ नकोस. कबूल केलं.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे बरण्या लावल्या, आंचही कमी केली. कडेच्या बरण्यांचा वास इतका उघड होता की हे सगळं आपण आजवर एकत्र धरत होतो यावर विश्वास बसेना. मधलं ४०वर आणलं, धुरकट झालं नाही. मग पाच बाटल्या. बायकोने पेले बदलले. माझा आकडा २ ग्रॅम आला, त्याच्या पुढे मला फरक कळत नाही. बायकोला ५ पर्यंत कळतो, तिचं नाक माझ्यापेक्षा तिखट.

दोन शंका राहिल्या. वापरलेला कार्बन ओव्हनमध्ये भाजून पुन्हा वापरता येतो असं इथे बरेच जण सांगतात. आणि घरात पिण्याच्या पाण्याचा फिल्टरचा जग आहे, थोड्या मालाला तो चालेल का?

---

निवळी

२ ग्रॅममध्ये भागलं हे वाचून फार आनंद झाला. आकडा मात्र वहिनींचा धरा. बाटली पाहुण्यांसमोर येणार आहे आणि त्यांतल्या कोणाचं तरी नाक वहिनींसारखं असणारच.

ओव्हनचं करू नका. नीट निथळलेल्या कार्बनच्या छिद्रांतही अल्कोहोल भरलेलं असतं. बंद ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि आत तापलेली तार असते. यातून काय होऊ शकतं ते मला लिहावंसं वाटत नाही. शिवाय उपयोगही फार नाही. ओव्हन २०० अंशांपर्यंत तापवला तरी हलके वास जातात, जड अल्कोहोलं आणि तेलकट भाग छिद्रांतच राहतो. कारखान्यात पुनरुज्जीवन करतात ते फिरत्या भट्टीत, वाफेच्या झोतात, ८०० अंशांच्या वर. तुमच्या २०० मिलीला २ किंवा वहिनींचे ५ ग्रॅम, म्हणजे लिटरला २५ ग्रॅमच्या आत. एवढ्यासाठी जीव धोक्यात घालायची गरज नाही. वापरलेला कार्बन भरपूर पाण्याने धुवा, उघड्यावर पसरून वाळवा आणि बागेतल्या खतात मिसळा.

पाण्याच्या जगमध्ये कार्बनबरोबर आयन बदलणारं रेझिन असतं आणि पाणी त्यातून मिनिटाभरात जातं. ते क्लोरीनसाठी बनवलंय. मधली धार चांगली धरली असेल तर त्यातून गेल्यावर थोडा फरक पडल्यासारखा वाटतो, पण ते प्लॅस्टिक आणि रेझिन ४० टक्के अल्कोहोलसाठी तपासलेलं नसतं. जगचा चांगला उपयोग दुसरीकडे आहे. माल पातळ करायला जे पाणी घालता ते त्यातून गाळून घ्या. पाण्यातला चुना कमी झाला की बाटली महिनाभराने तळाशी पांढरी पडत नाही.

लहान प्रमाणात करायचं असेल तर स्तंभाच्याही मागे लागू नका. लिटरच्या काचेच्या बाटलीत २५ ग्रॅम धुतलेला कार्बन, एक दिवस अधूनमधून हलवायचं, कॉफीच्या कागदातून दोनदा गाळायचं. दुसऱ्यांदा गाळायला आळस करू नका, बारीक काळी धूळ पहिल्या कागदातून निसटते आणि बाटली उजेडात धरल्यावरच दिसते.

गुळाच्या वॉशचं काय झालं ते लिहा. आणि दोडामार्गकर, तळहाताची ती पद्धत मी पुढच्या वेळी बरण्यांच्या शेजारी ठेवून ताडून बघणार आहे.